रत्नम्मामावशीची हरकत

माझं लग्न ठरलेल्या तारखेनंतर अकरा दिवसांनी झालं, आणि त्याला कारण माझी सख्खी मावशी. मी तिला माफ केलंय. दर रविवारी चर्चमध्ये बसून अगदी मनापासून माफ करते, आणि सोमवारी कपाट आवरताना लग्नाचा अल्बम हाताला लागला की परत राग येतो.

मावशीचं नाव रत्नम्मा. उदगीरच्या कोर्टात तिनं एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली. काम पुकाऱ्याचं. आतून साहेबांनी मान हलवली की दाराबाहेर यायचं आणि पक्षकाराच्या नावानं तीनदा ओरडायचं. "शिवलिंग मडिवाळप्पाऽऽ, हाजिर होऽऽ!" तिचा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा म्हणे. ते मी काही जाऊन ऐकलेलं नाही, पण समोरच्या टपरीवरचे वकील तिचा आवाज आला की चहा अर्धा टाकून उठायचे, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

इतकी वर्षं कोर्टाच्या दारात उभं राहिलं की कायदा अंगात मुरतो. माझ्या भाजीत मीठ जास्त झालं तर मावशी ताट सरकवून म्हणायची, "गुन्हा शाबीत." तिच्या घरी भांडायला गेलेला माणूस आधी तारीख मागून घ्यायचा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे तिची सगळी माया माझ्यावर आणि सगळी कडक नजर आमच्या मंडळीवर.

मंडळी म्हणजे आमचं चर्च आणि त्यात येणारी साठेक घरं. आमच्या नावांवरून आम्ही ख्रिस्ती आहोत हे बाहेरच्याला कळत नाही. आमच्या पणज्यांनी धर्म बदलला, नावं बदलायची घाई केली नाही. म्हणून आमचे जुने पाद्री, म्हणजे पाळकसाहेब, होते महादेवप्पा. माणूस देवाला घाबरणारा, पण रत्नम्मामावशीला जास्त. रविवारी चर्चच्या दारात भेटलो की आम्ही एकमेकांना "सलाम" म्हणतो. मावशीला सलाम करताना मात्र लोक पदर, केस आणि चेहरा नीट करून घेत.

आमच्यात लग्न ठरलं की पाळकसाहेब लागोपाठ तीन रविवार भक्तीच्या वेळी ते जाहीर करतात. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, यांचा विवाह योजला आहे, कुणाला काही हरकत असल्यास सांगावी. सगळीकडे ही एक रीत असते. वाचतात, लोक खोकतात, पुढचं गीत सुरू होतं. आमच्याकडे तसं नव्हतं. आमच्याकडे डावीकडच्या तिसऱ्या बाकावर रत्नम्मामावशी होती.

कोर्टात पुकारा तीनदा, चर्चमध्ये सूचना तीनदा. तिला हे दोन्ही एकाच खात्याचं काम वाटायचं. माझ्या लग्नाच्या तिसऱ्या सूचनेच्या रविवारी, मी नवी साडी नेसून तिच्याच शेजारी बसलेली, आणि ही उठली. "हरकत हाय! लग्नाच्या तारखेला नवरदेवाला एकवीस पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी पडून राहिलेत." मीच तिला त्याचा जन्माचा दाखला कौतुकानं दाखवला होता! पत्रिका छापून झाल्या होत्या. माझ्या बापानं बसून प्रत्येक पत्रिकेवर पेनानं तारीख दुरुस्त केली, आणि मावशी त्याच्या शेजारी बसून अक्षर नीट येतंय का बघत होती.

नीतीच्या बाबतीत तर विचारूच नका. गायनपथकात मुलं आणि मुली यांच्या मधोमध ती गीतांच्या पुस्तकांची पेटी ठेवायला लावायची. एका नाताळच्या नाटकात तिनं मरिया आणि योसेफ यांच्यामध्ये एक खुर्चीभर अंतर ठेवायला लावलं. म्हणाली, "त्यांची नुसती मागणी झालेली हाय. लग्न लागलेलं न्हाई." बिचारा योसेफ अख्खं नाटक खुर्चीपलीकडून बोलला. मरिया गाढवावरून उतरताना पडली, तरी त्यानं हात पुढं केला नाही, कारण समोर मावशी बसलेली.

आम्ही हसायचो. पण चांगुणाची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

चांगुणा आमच्याच मंडळीतली. तिचं लग्न लहान वयात धर्माबादकडून इथं येऊन राहिलेल्या एका माणसाशी झालं. तो एका दिवाळीला कामाला म्हणून हैदराबादला गेला तो गेलाच. पत्र नाही, फोन नाही. सात वर्षं माणसाची काहीच खबर लागली नाही तर कायदा तो मेला असं धरतो, हे मावशीनंच आम्हाला शिकवलेलं. पुढं आनंदराजनं चांगुणाला मागणी घातली. आनंदराजचा मंडपाचा धंदा. गावातली निम्मी लग्नं त्याच्या खुर्च्यांवर बसून झालेली. महादेवप्पा पाळकांनी दोन रविवार सूचना वाचली. तिसऱ्या रविवारी मावशी उठली. हातात पोलिसांत दिलेल्या तक्रारीची नक्कल, त्यावर गोल शिक्का, शिक्क्यात तारीख. ती नक्कल चांगुणानंच पुरावा म्हणून पाळकसाहेबांकडे दिलेली.

"सहा वर्षं सात महिने झाल्येत," मावशी म्हणाली. "पाच महिने कमी हायेत. मुद्दत पुरी होऊ द्या."

पाच महिने म्हणजे काय मोठंसं, असं सगळ्यांना वाटलं. पण चांगुणाच्या सासरच्यांनी तिला त्याच आठवड्यात घराबाहेर काढलं, परक्याशी लग्न करायला निघाली म्हणून. माहेरी कुणी उरलं नव्हतं. ती आनंदराजच्या घरी गेली. मुद्दत संपायच्या आधी तिला दिवस राहिले, आणि मंडळीच्या पंचांनी दोघांना शिस्तीखाली घातलं. शिस्तीखाली म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस नाही, आत बसायचं नाही, भक्ती ऐकायची तर बाहेर व्हरांड्यात बसून. आधी एक वर्ष वेगळे राहा, पश्चात्ताप दाखवा, मग लग्न लावू. हा ठराव कुणी लिहिला हे सांगायला नको. चांगुणा म्हणाली, पोटुशी बाई एकटी राहणार कुठं? आधी लग्न लावा. पंच म्हणाले, आधी वेगळे राहा. दोघंही आपल्या जागी घट्ट. सरकारी कचेरीत जाऊन सही करा असं आनंदराजला लोकांनी शंभरदा सांगितलं. तो एकच म्हणायचा, "सगळ्या गावाचं लग्न मी देवापुढं लावून दिलं, अन् माझं टेबलापुढं? न्हाई."

अशी चौदा वर्षं गेली. दर रविवारी दोघं मुलीला आत पाठवायचे आणि स्वतः व्हरांड्याच्या पायरीवर बसायचे. तान्ही लेकरं घेऊन बाहेर बसणाऱ्या बायांना ऐकू यावं असं सांगून आनंदराजनं स्वतःचा एक स्पीकर तिथं टांगला आणि वायर खिडकीतून आत घेतली. बाया दोन-चार रविवार बसायच्या, लेकरू मोठं झालं की आत जायच्या. स्पीकरखाली कायम हे दोघंच. सकाळी व्हरांड्यात सावली असते, पण उपदेश रंगात येईपर्यंत ऊन पायरीवर उतरतं. चांगुणा पदर डोक्यावर घेऊन बसायची.

या वर्षी त्यांची मुलगी स्वप्नाली तेरा संपून चौदाव्यात आली. ईस्टरला तिचं दृढीकरण ठरलं. म्हणजे मुलगी वेदीपुढं उभी राहून आपल्या तोंडानं विश्वास कबूल करते आणि तिला पहिलं प्रभुभोजन मिळतं. आई-बाप तिच्या दोन्ही बाजूंना उभे असतात. चांगुणा नव्या पाळकसाहेबांकडे गेली. महादेवप्पा निवृत्त होऊन लातूरला मुलाकडे गेले होते आणि त्यांच्या जागी राजशेखर नावाचा तिशीतला तरुण आला होता. ती त्याला इतकंच म्हणाली, "लेकीच्या बाजूला मला एकदा उभं राहू द्या. खिडकीतून बघायला लावू नका."

पाळकसाहेबांनी पंचांना बोलावलं, वर्षभर वेगळं राहायची अट रद्द केली, आणि पुढच्या रविवारी सरळ सूचना वाचून टाकली. पहिला रविवार, मावशी गप्प. दुसरा रविवार, मावशी गप्प. लोकांनी मनात देवाचे आभार मानायला सुरुवात केली. मला माहीत होतं काय ते. तिसऱ्या पुकाऱ्याआधी मावशी कधी बोलत नाही.

शनिवारी दुपारी तिनं मला बोलावलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीक अक्षर दिसत नाही. पलंगाखालून पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात चर्चच्या सगळ्या हरकती, तारीखवार, दोऱ्यानं बांधलेल्या. माझ्या अकरा दिवसांचीही फाईल होती! मी ती हळूच पेटीच्या तळाशी दाबली.

"चांगुणाचे कागद काढ," ती म्हणाली. "उद्या हरकत घ्यायची हाय. शिस्तीचं वर्ष भरलं न्हाई, अन् हा पोरगा पाळक नियम मोडून राहिलाय. सगळं पहिल्यापासून वाच. तोंडी बोललं की लोक उलटतात."

"मावशी, पुरे कर की. चौदा वर्षं उन्हात बसली ती बाई."

"मी बसवलं का तिला? मी फक्त वाचून दाखवते. बसवतो तो कायदा. तू वाच."

मी चिडूनच वाचायला घेतलं. तक्रारीची नक्कल पिवळी पडली होती. वर शिक्का, आषाढातली तारीख. खाली जमादाराच्या वाकड्या अक्षरात मजकूर. मावशी भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती, कोर्टात ऐकावं तशी. मी वाचलं, "सदर इसम हा मागील दिवाळीपासून घरी आलेला नसून त्याची कोणतीही खबर नाही. अर्जदार बाईस सासूने तक्रार देण्यास मनाई केल्याने आठ महिने उशीर झाला आहे."

मावशीनं डोळे उघडले. "वाच परत."

मी परत वाचलं. मग मीही थांबले. मुद्दत तक्रारीपासून मोजत नाहीत. माणसाची शेवटची खबर लागली तिथपासून मोजतात. दिवाळीपासून धरलं तर त्या रविवारी, ज्या रविवारी मावशी उठली होती, सात वर्षं पुरी होऊन वर तीन महिने झाले होते. कायदा त्या दिवशी चांगुणाच्याच बाजूनं होता. मावशीनं फक्त शिक्का पाहिला होता. एकतीस वर्षं शिक्के बघितलेली बाई, तिनं शिक्क्याखालचं काही वाचलंच नव्हतं. आणि शिक्का दिसल्यावर चर्चमध्ये दुसऱ्या कुणी तरी कशाला वाचावं? चांगुणालाही वाटलं असणार, मुद्दत शिक्क्यापासूनच मोजतात.

खरं सांगते, मला पहिल्यांदा आनंद झाला. माझे अकरा दिवस वसूल झाल्यासारखं वाटलं. मग मी तिच्याकडं बघितलं आणि आनंद गेला. ती आपले हात बघत बसली होती.

"कुणाला ठावं हाय हे?" तिनं विचारलं.

"तुला अन् मला."

मी कागद घडी करून पेटीत ठेवायला गेले तर ती म्हणाली, "राहू दे बाहेर." मग एकदम दुसरंच काढलं. "सुकन्या, मला नोकरी कशी लागली ठावं हाय का तुला? तुझा काका नोकरीत असताना गेला, म्हणून अनुकंपेवर लागली. माझ्या अर्जात एक दाखला कमी होता. मुद्दतीचा शेवटचा दिवस. साहेबानं माझ्याकडं बघितलं अन् म्हणला, बाई, आत्ता सही करा, दाखला नंतर आणून द्या."

"मग?"

"मग काय. अजून दिला न्हाई."

मला हसू फुटलं. तिला नाही फुटलं. मी म्हटलं, "मावशी, उद्या सांगणार का?" तर खेकसली, "गप बस. भाकरी वाढ." वाढली, पण तिनं ती मोडलीसुद्धा नाही. मला तिची दया आली. आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, कारण तिनं तशी वेळ कधी येऊच दिली नव्हती.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. तिसऱ्या सूचनेला कोण घरी राहील? व्हरांड्यात चांगुणा आणि आनंदराज नेहमीच्या पायरीवर. मावशी तिसऱ्या बाकावर, मी शेजारी. तिच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत तो कागद. ती सांगणार, की गप्प राहणार, की शिस्तीच्या वर्षाचंच घोडं पुढं दामटणार, मला काही कळत नव्हतं. गप्प राहिली असती तर लग्न सुरळीत लागलं असतं आणि तिची चूक माझ्या पोटात राहिली असती. मी मनात तेच ठरवलं होतं, की विचारलं तरी सांगायचं नाही.

पाळकसाहेबांनी सूचना वाचली. "...कुणाला काही हरकत असल्यास..." इथं त्यांचा आवाज जरा बारीक झाला. सगळ्या माना डावीकडं वळल्या.

मावशी उठली. "हरकत हाय."

कुणीतरी मागून "अरे देवा" म्हटलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या बाकावर स्वप्नालीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं. बाहेर स्पीकरमधून मावशीचे दोन्ही शब्द व्हरांड्यात ऐकू गेले असणारच.

"ह्या लग्नावर न्हाई," मावशी म्हणाली. "चौदा वर्षामागं मी हरकत घेतली होती. त्या हरकतीवर माझी हरकत हाय."

तिनं कागद काढला, वाचता येत नव्हता तरी डोळ्यांपुढं धरला, आणि तोंडपाठ सगळं सांगितलं. दिवाळी, आठ महिने, सासूची मनाई. "मी वरचा शिक्का बघितला. खालचं वाचलं न्हाई. त्या दिवशी हे लग्न लागायला पाहिजे होतं. लागलं असतं तर चांगुणा आनंदराजच्या घरात बायको म्हणून गेली असती. तुम्ही अन् मी मिळून ज्याला पाप म्हणलो ते माझ्यामुळं झालं. मला वाटायचं, मी चुकत न्हाई म्हणून मला कुणाच्या दयेचं काम न्हाई." तिनं कागद खाली घेतला. "आता लई काम हाय."

पाळकसाहेब काही बोलणार तोच तिनं हात वर केला. तो हात बघून एके काळी वकील गप्प व्हायचे, पाळकसाहेबही झाले. "ठराव मीच लिहिलेला हाय. ज्याच्याकडून मंडळीचा अपराध झाला त्यानं बाहेर बसायचं. तर मी चालले बाहेर. त्या दोघांना आत घ्या."

आणि निघाली की! बाकांच्या मधून, काठी टेकत, ताठ. मी मागोमाग धावले. दारात पोचल्यावर ती उंबऱ्यावर थांबली, जशी कोर्टाच्या दारात थांबायची, आणि तिनं श्वास घेतला.

"चांगुणाऽऽ! हाजिर होऽऽ!"

खिडक्यांच्या काचा हलल्या. रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला. पायरीवर चांगुणा उभी राहिली, पण पुढं येईना. तिला वाटलं असणार, आणखी काहीतरी शिक्षा आहे.

"चांगुणाऽ, हाजिर हो," मावशीनं दुसऱ्यांदा पुकारलं. हा आवाज चर्चच्या फाटकापर्यंतही गेला नसेल. तिसऱ्यांदा तिचे नुसते ओठ हलले.

चांगुणा पायऱ्या चढून वर आली. स्पीकरवर तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही चौदा वर्षांचं बोलणार. बोलायचा तिला हक्कही होता, मी तिच्या जागी असते तर सोडलं नसतं. तिनं मावशीच्या हातातली काठी घेतली, मावशीचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, बाहेर लई ऊन हाय. तुम्हाला सोसायचं न्हाई. चला आत."

"पण ठराव—" मावशी म्हणाली.

"ठरावाचं मग बघू. चला."

ती मावशीला धरून आत घेऊन गेली आणि तिनं तिला तिसऱ्या बाकावर बसवलं. मीही मागोमाग आत आले आणि सरकून दोघींना जागा केली. स्वप्नाली पुढचा बाक सोडून आईच्या कुशीत येऊन घुसली, त्यामुळं मी अर्धी बाकाबाहेर लटकत होते. मावशी रडत होती, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून गीतांचं पुस्तक उलटं धरून वाचत होती. त्या वेळी मी तिला खरंच माफ केलं. सोमवारपर्यंत टिकेल तितकं.

पाळकसाहेबांनी घसा साफ करून विचारलं, "आणखी कुणाची हरकत?" कुणी खोकलंसुद्धा नाही.

आनंदराज मात्र आत यायला उशीर लावत होता. पंचांतला एक जण त्याला बोलवायला दारापर्यंत गेला, आणि त्याच्या मागून आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. तो स्टुलावर चढून व्हरांड्यातला स्पीकर सोडवत होता.